ठराव क्रमांक अकरा

"बाई, चार नंबर उडवा," वाघचौरे अण्णा दारातूनच म्हणाले. आत यायचं तर चपला काढाव्या लागत, आणि अण्णांना वाकायचा कंटाळा होता.

"कशातला चार नंबर?"

"इतिवृत्तातला हो. शुक्रवारच्या सभेच्या. आबासाहेबांचा निरोप आहे. चार नंबरचा ठराव झालाच नाही असं समजायचं."

"झाला तर आहे. मीच बसले होते लिहून घ्यायला. टाळ्यासुद्धा वाजल्या."

"टाळ्या इतिवृत्तात येत नाहीत," अण्णा म्हणाले. "उडवा. दुपारच्या टपालात जिल्ह्याला गेलं पाहिजे."

मी कॉम्प्युटरकडे वळले. खिडकीबाहेर भाजीबाजारात गजराबाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. स्वतः मात्र ती दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे. मीही घेत नसे. त्याचं कारण पुढे येईल.

ही १९९९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा खडकतळे नगरपालिकेत टायपिस्ट होते. सत्तावीस वर्षं टाइपरायटरवर काढली होती. तो टाइपरायटर म्हणजे लोखंडी म्हैस. आवाज करायचा, जागा अडवायचा, पण दाबलं तेच अक्षर आणि दाबलं तेवढंच अक्षर उमटवायचा. आपल्या मनाचं काही घालायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर आला. नगराध्यक्ष आबासाहेब दुधाळांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी कळफलकावर उडालं, तेव्हापासून 'ळ' चिकटून बसला आणि आमच्या दुधाळांचं आडनाव लिहिताना दरवेळी बोट ठेचून दाबावं लागे. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून त्याला वेगळी खोली, गार हवेचं यंत्र, दारात पायपुसणं. गावाला चार दिवसांआड पाणी आणि कॉम्प्युटरला चोवीस तास थंडावा. एजन्सीचा माणूस तीन दिवस शिकवून गेला. जाताना म्हणाला, "बाई, काही घाबरू नका. तुम्हाला काय लिहायचंय ते त्याला आधीच कळतं."

हेच तर दुखणं होतं. त्याला आधीच कळायचं.

मी घरपट्टीच्या सूचना लिहायला घेतल्या. '१' लिहिलं, एक सूचना लिहिली, खालच्या ओळीवर गेले, तर तिथे '२' माझ्याआधी येऊन बसलेला. बरं, बस बाबा. पण घरपट्टी संपवून खाली भटक्या कुत्र्यांची नोटीस लिहायला घेतली, तर ती थेट सतरापासून सुरू झाली. मी खोडून 'एक' केलं, त्याने परत सतरा केलं. तीनदा मी, तीनदा तो. शेवटी नोटीस तशीच फळ्यावर लागली आणि आठवडाभर लोक येऊन विचारत राहिले, "बाई, कुत्र्यांच्या पहिल्या सोळा सूचना कुठं हायेत?"

एकदा पत्र एका पानात बसेना. मजकूर पहिल्या पानावर आणि 'मुख्याधिकारी' एवढं एकटं दुसऱ्या पानावर. साहेबांनी न बघता दोन्हीकडे सह्या ठोकल्या. साहेबांची बदली व्हायची होती, त्यामुळे ते बघत काहीच नसत, फक्त सही करत. कोऱ्या कागदावर साहेबांची सही बघून अण्णांना घाम फुटला. त्यांनी तो कागद स्वतः फाडला, जाळला आणि राख खिडकीबाहेर फुंकली. ती गजराबाईच्या टोपलीत पडली.

"आता राख बी खायला घाला गावाला," गजराबाई खालून ओरडली.

एक खोड मात्र अण्णांना फार आवडली. पत्रातली तारीख रोज आपोआप बदलायची. ऑगस्टमध्ये लिहिलेलं पत्र नोव्हेंबरमध्ये उघडलं की त्यावर नोव्हेंबरची तारीख. मी वैतागले, पण अण्णा हेडक्लार्क होते, त्यांना त्यात अध्यात्म दिसलं. "बाई, म्हणजे आपल्याला उशीर कधी होणारच नाही!"

या सगळ्या खोड्या मी एका दोनशे पानी वहीत मागच्या बाजूने टिपून ठेवायची. खोडी, तारीख आणि सापडला तर उपाय. लोणच्याचं प्रमाण लिहावं तसं. एजन्सीच्या माणसाला फोन लावून लावून एकेक उपाय काढून घ्यायची. उपायाची जागा बरेच दिवस कोरीच राहायची.

आता त्या सभेबद्दल. शुक्रवारच्या सर्वसाधारण सभेत सोळा ठराव झाले. चौथा होता नगरसेवकांच्या अभ्यास दौऱ्याचा. घनकचऱ्याचा अभ्यास, तोही महाबळेश्वरला, सहकुटुंब. अकरावा होता दुधाळ चौकात कारंजं उभारण्याचा, आबासाहेबांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ. आणि बारावा बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्याचा, 'निधी उपलब्ध झाल्यास'.

बारावा ठराव दरवर्षी व्हायचा. गजराबाई दरवर्षी अर्ज द्यायची, मी तो टाइप करायची, सभा तो मंजूर करायची, आणि ते 'निधी उपलब्ध झाल्यास' त्याच्या मागे शेपटीसारखं लागायचं. बाजारात साठ-सत्तर बायका बसत. पहाटे पाचला गावाहून निघायचं आणि संध्याकाळी सातला परतायचं. पूर्वी कापसाच्या गोदामाच्या मागे भिंतीचा आडोसा होता. तिथे आदल्या वर्षी दुकानांचे गाळे झाले, भिंत गेली. मग बायकांनी सोपा उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही.

नगरपालिकेतही निराळं नव्हतं. पुरुषांसाठी मागे पत्र्याचं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा मी एकटीच बाई, आणि एका बाईसाठी बांधकाम कसं काढणार? सत्तावीस वर्षं मी सकाळी एक कप चहा घेऊन यायची आणि दुपारच्या सुट्टीत दोन आळ्या ओलांडून मावससासूच्या घरी जायची. मावससासू वारल्या तेव्हा मला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर पहिली काळजी निराळीच वाटली.

त्या डिसेंबरात गजराबाईची सून सुंदरा बाजारातच चक्कर येऊन पडली. पोटुशी होती. मूत्रपिंडाला सूज, असं सरकारी दवाखान्यात निघालं. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. सुंदरा म्हणाली, पिते की, रविवारी. रविवारी बाजार बंद असायचा.

गजराबाई खिडकीखाली येऊन मला म्हणाली, "बाई, औंदा तरी व्हतंय का? का सून गेल्यावर करता?"

"ठराव झालाय, गजराबाई."

"ठराव काय, दर साली व्हतो. वरसाचा सण झालाय त्याचा." मग आवाज खाली घेऊन, "तुमच्या आबासाहेबाची आय अन् मी एका पोत्यावर बसायचो. ती वांगी घ्यायची, मी पाला. भागूबाई कधी पानी मागायची न्हाई. अशीच ताठ बसायची. तिच्या नावानं आता कारंजं उडनार म्हनं. बरंय. मेल्यावर तरी पानी."

तर त्या वर्षी जिल्ह्याला विशेष निधी आला होता. एका नगरपालिकेला एकच काम, मार्चअखेर पूर्ण करायचं. आबासाहेबांना कारंजं हवं होतं. पण दुष्काळी पट्ट्यात, चार दिवसांआड पाणी मिळणाऱ्या गावाने कारंजं मागायचं, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत भुवया वर जाणार. यावर अण्णांकडे तीस वर्षांचा तोडगा होता.

"आबासाहेब, पत्रात कामाचं नावच घालायचं नाही. फक्त नंबर. नाव लिहिलं की वरचे प्रश्न विचारतात, नंबर लिहिला की सही करतात."

"आणि इतिवृत्त वाचलं तर?"

"सोळा ठरावांचं इतिवृत्त? आबासाहेब, आपण तरी वाचलंय का कधी?"

त्याप्रमाणे मंगळवारी मी पत्र लिहिलं. 'सोबत जोडलेल्या इतिवृत्तातील ठराव क्र. ११ मधील कामास विशेष निधीतून प्राधान्याने मंजुरी मिळावी, ही विनंती.' साहेबांनी सही केली, आबासाहेबांनी सही केली, जावक क्रमांक पडला. आबासाहेब इतके खूश झाले, की त्यांनी संगमरवरी पाटी कोरायला टाकली. तिच्यावरही अण्णांच्या सल्ल्याने कामाचं नाव नव्हतं. 'कै. भागूबाई दुधाळ यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, नगरवासीयांच्या सेवेत', एवढंच.

आणि बुधवारी कुठल्याशा वर्तमानपत्रात नगरसेवकांच्या असल्याच महाबळेश्वर दौऱ्यांवर ताशेरे ओढणारी बातमी आली. म्हणून अण्णा दारात उभे होते. चार नंबर उडवा.

मी चौथा ठराव निवडला, बटण दाबलं. उडाला. घनकचरा, महाबळेश्वर, सहकुटुंब, सगळं एका बोटाने. प्रिंटर कण्हत कण्हत पानं बाहेर टाकू लागला. अण्णा दारातच उभे.

"बाई, नीट बघितलंत ना?"

"बघितलं, अण्णा."

त्यांनी पानं मोजली, शेवटच्या पानावर साहेबांची सही आणली, पत्राला टाचणी मारली आणि पाकीट टपालात गेलं.

उत्तर पंधरा दिवसांत आलं. इतक्या लवकर जिल्ह्याहून उत्तर येतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आबासाहेबांनी पेढे मागवले आणि पत्र अण्णांना मोठ्याने वाचायला सांगितलं. साहेब, मी, दोन-चार नगरसेवक, सगळे दालनात.

"'आपल्या नगरपालिकेच्या ठराव क्रमांक अकरास विशेष निधीतून मंजुरी देण्यात येत आहे,'" अण्णा खणखणीत वाचत होते. "'बाजारपेठेतील कष्टकरी महिलांच्या...'"

अण्णा थांबले. चष्मा पुसला.

"वाचा की," आबासाहेब पेढा हातात धरून म्हणाले.

"'...महिलांच्या स्वच्छतागृहाच्या कामास सर्वोच्च प्राधान्य देणारी आपली ही जिल्ह्यातील पहिलीच नगरपालिका असून, ही बाब अभिनंदनीय आहे. निधी अन्य कामाकडे वळवता येणार नाही. लोकार्पणास मा. जिल्हाधिकारी स्वतः उपस्थित राहतील.'"

पेढा आबासाहेबांच्या हातातच राहिला.

"कारंजं कुठाय?"

अण्णांनी इतिवृत्ताची स्थळप्रत काढली. बोट फिरवत गेले. "कारंजं... दहा नंबरला आहे."

"अकराला होतं!"

"होतं. चार उडवला ना आपण. मग पाचाचा चार झाला, सहाचा पाच..." अण्णांचा आवाज बारीक होत गेला. "बाराचा अकरा झाला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कुणी केलं हे?" आबासाहेबांनी विचारलं.

"कॉम्प्युटरने," मी म्हणाले.

"म्हणजे कुणी?"

"तो आकडे आपले आपण सरकवतो."

"असं कसं सरकवतो? दाखवा."

मग सगळी वरात कॉम्प्युटरच्या खोलीकडे निघाली. दारात चपलांचा ढीग पडला. मी एक ते दहा आकड्यांची यादी केली, तिसरी ओळ खोडली, आणि सगळ्यांच्या देखत खालचे सातही आकडे एकेक पायरी वर चढले. एक नगरसेवक "आयला!" म्हणाला आणि मग बाई बसल्यात हे आठवून जीभ चावली.

"कुणाला न विचारता?" आबासाहेब म्हणाले.

"न विचारता."

"माझ्या नगरपालिकेत?"

"टाइपरायटर असता तर हे झालं नसतं," अण्णा हळहळले. "बाई चार नंबरपुढे 'निरंक' मारायच्या. मजकूर गेला तरी आकडा जागेवर. सरकारी आकडा कधी मरत नाही, आबासाहेब."

"मग आता कळवून टाका. चूक झाली, आम्हाला दहा नंबर पाहिजे होता."

"कळवता येईल," अण्णा चाचरत म्हणाले.

"मग कळवा!"

"चूक कशी झाली, ते कळवावं लागेल. म्हणजे आधी चार नंबर होता आणि तो उडवला, हे कळवावं लागेल. म्हणजे महाबळेश्वर..."

गार हवेचं यंत्र घरघरत होतं. साहेब पहिल्यांदाच बोलले. "माझी बदली पुढच्या आठवड्यात होईल असं वाटतं," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

एकेक जण निघाला. आबासाहेब मात्र पडद्याकडे बघत उभे राहिले. मोठा माणूस, पण पायात चप्पल नसली की माणूस थोडा लहान दिसतो.

"बाई, सत्तावीस वर्षांत तुमचा आकडा चुकलेला मला आठवत नाही."

"तेव्हा आकडे मी मारायची, आबासाहेब. आता हा मारतो."

"हं."

खिडकीतून गजराबाईचा आवाज आला. कुणाशी तरी ती जुडीवरून भांडत होती. आबासाहेब त्या दिशेने बघत राहिले.

"म्हातारी अजून बसते?"

"रोज."

"माझी आई हिच्याच पोत्यावर बसायची."

"मला माहीत आहे."

ते मान हलवून बाहेर गेले. जाताना एका नगरसेवकाच्या चपला घालून गेले.

काम मार्चअखेर खरंच पूर्ण झालं. जिल्हाधिकारी येणार म्हटल्यावर गवंडी दुप्पट लागले. सहा खोल्या, पाण्याची टाकी, बाहेर नळ. पाटी आधीच कोरून आली होती, ती फुकट कशाला घालवायची? म्हणून तीच दारावर बसवली. 'कै. भागूबाई दुधाळ यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, नगरवासीयांच्या सेवेत.' मजकुरात एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

लोकार्पणाला आबासाहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "ही कल्पना माझ्या मनात लहानपणापासून होती. माझी आई याच बाजारात ऊन-पावसात बसायची. काही लोक मला म्हणत होते, आबासाहेब, कारंजं करा. मी म्हटलं, कारंजं काय कामाचं?" टाळ्या पडल्या. काही लोक म्हणजे कोण, ते अण्णांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं. पण 'माझी आई' म्हणताना आबासाहेबांचा आवाज जिथे अडकला, तिथे तो ठरवून अडकलेला नव्हता. एवढं मला कळतं.

गजराबाई पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून. शेजारी सुंदरा, कडेवर दीड महिन्याची मुलगी.

"बाई," गजराबाई माझ्या कानाशी लागली, "भागूबाईच्या नावाचं संडास. ती असती तर हसून हसून पडली असती. अन् पयली आत तीच गेली असती."

मंडपातून निघताना आबासाहेब माझ्यापाशी थांबले. जिल्हाधिकारी पुढे गेले होते.

"कॉम्प्युटर चांगलाय हो तुमचा," म्हणाले. "जपा त्याला."

त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आबासाहेब गेले, अण्णा गेले, गजराबाईही गेली. ती लहान मुलगी आता त्या बाजारात भाज्यांचा ठेला लावते आणि फोनवर हिशेब करते. मागच्या महिन्यात माळा आवरताना माझी ती दोनशे पानी वही सापडली. नातसून हौसेने मागच्या बाजूने वाचायला लागली. तारखेची खोडी, एकट्या सहीची खोडी, कुत्र्यांच्या सोळा सूचना. हसत होती. मग एका पानावर थांबली.

"आजी, ही बघा. 'खोडी नववी. मधली ओळ उडवली की खालचे आकडे आपोआप वर सरकतात. उपाय: यादी निवडून आकड्यांचं बटण बंद करावं, आकडे हाताने लिहावेत. सापडला एकदाचा!' खाली तारीख आहे, चार जानेवारी नव्व्याण्णव."

"हो. एजन्सीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं. सोमवार होता."

"पण तुम्ही तर म्हणता, ते चार नंबर उडवायला अण्णा तेराला आले."

तेरा तारखेला मी चार नंबर उडवला, तेव्हा पडद्यावर बाराचा अकरा होताना मी बघितला होता. बटण कुठे आहे ते माहीत होतं. हातही तिकडे गेला होता. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, नीट बघितलंत ना? मी हात मागे घेतला आणि म्हणाले, बघितलं, अण्णा. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाही.

नातसून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातातून वही घेतली आणि मिटली.

लोकार्पणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी कचेरीतल्या माठाशी गेले. सत्तावीस वर्षं त्या माठाला मी हात लावला नव्हता. पेला भरून घेतला, खिडकीशी उभी राहिले. खाली गजराबाई सुनेच्या हातात तांब्या देत होती आणि सुंदरा, बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, घटाघटा पाणी पीत होती. गजराबाईने वर बघितलं. मी पेला तिला दाखवला आणि सगळा रिकामा केला.